स्वगत: ऐकणाऱ्यांच्या बाजूने एक इतिहास

मनात चाललेला विचार तोंडाने उच्चारावा, पण तो समोरच्या कोणाही माणसाला उद्देशून नसावा, या क्रियेला मराठीत ‘स्वगत’ हे नाव रूढ आहे आणि ते नाव घरोघरी पोचले ते नाटकाच्या वाटेने. रोजच्या बोलण्यात यासाठी पुटपुटणे, मनाशी बोलणे, आपल्याशीच बोलणे असे साधे शब्द आहेतच. सभेत एखादा वक्ता अजून पक्का न झालेला विचार श्रोत्यांपुढे मांडतो तेव्हा त्याला ‘प्रकटचिंतन’ म्हणतात. आणि कोणाचे पुटपुटणे शेजारच्याच्या कानावर गेले की ‘हे स्वगत होते की आम्हाला सांगितले?’ अशी थट्टा होते, त्या थट्टेत रंगभूमीचा शब्द जसाच्या तसा येतो. या शब्दाची फोड केली तर ‘आपल्या ठिकाणी असलेले’, म्हणजेच बाहेर न पडलेले, एवढाच अर्थ हाती लागतो. जे बाहेर पडलेलेच नाही ते नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात का म्हणायचे, हा प्रश्न मराठी नाटककारांना आणि टीकाकारांना शंभर वर्षांहून अधिक काळ छळत आला. स्वगताचा इतिहास बहुधा असा सांगितला जातो की तो एक कृत्रिम संकेत होता, जुन्या नाटकांनी तो वापरला आणि वास्तववादी नाटकाने तो हटवला. ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे, कारण या संकेताचा मूळ विषय बोलणे हा नव्हताच; कोणी ऐकायचे आणि कोणी ऐकायचे नाही, याची ती व्यवस्था होती.

ही व्यवस्था सर्वांत नेटकेपणाने मांडलेली आढळते ती दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्याच्या परमार राजा मुंजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात. भरताच्या नाट्यशास्त्रात चित्राभिनयाच्या अध्यायात आत्मगत, जनान्तिक, अपवारित आणि आकाशवचन यांचा विचार आलेला होताच, धनंजयाने त्या सामग्रीला एक कसोटी लावली आणि ती कसोटी श्रवणाची होती. रंगमंचावरील सर्व पात्रांनी ऐकावे असे बोलणे ते सर्वश्राव्य, त्यालाच ‘प्रकाश’ म्हणावे; कोणाही पात्राने ऐकू नये असे बोलणे ते अश्राव्य, तेच ‘स्वगत’; आणि काहींनी ऐकावे, इतरांनी ऐकू नये असे बोलणे ते नियतश्राव्य, ज्याचे जनान्तिक आणि अपवारित असे दोन प्रकार. जनान्तिकात नट त्रिपताका हस्त, म्हणजे अनामिका दुमडून बाकीची बोटे सरळ ठेवलेला हात, आडवा धरी आणि त्या हाताच्या आडोशाने दोन पात्रे एकमेकांशी बोलत. बाकीची पात्रे हाताच्या अंतरावर उभी असूनही त्यांना काही ऐकू आले नाही, असे प्रेक्षकांनी मानायचे. अपवारितात पात्र वळून, इतरांकडे पाठ करून गुपित सांगे. या वर्गीकरणात प्रेक्षकाचा उल्लेखही नाही, कारण प्रेक्षक सगळेच ऐकतो हे गृहीत आहे. त्यामुळे ‘माणूस खऱ्या आयुष्यात असा मोठ्याने बोलतो का’ हा प्रश्न संस्कृत नाट्यविचाराला पडण्याचे कारणच उरले नाही.

या शास्त्रात आणखी एक सोय होती, जिचा पुढच्या काळाशी संबंध येतो. ‘आकाशभाषित’ म्हणजे रंगमंचावर नसलेल्या माणसाशी केलेले बोलणे: नट एकटाच असतो, न दिसणाऱ्या माणसाचे शब्द ऐकल्याचा अभिनय करतो, ‘काय म्हणता?’ असे विचारून ते शब्द स्वतःच उच्चारतो आणि त्यांना उत्तर देतो. ‘भाण’ नावाचा संपूर्ण नाट्यप्रकार याच एका युक्तीवर उभा आहे. त्यात एकच पात्र, बहुधा विट, म्हणजे शहरी, चतुर, कलासक्त माणूस, रस्त्याने चालता चालता सगळे नगर प्रेक्षकांपुढे बोलून उभे करतो. ‘चतुर्भाणी’ या नावाने ओळखले जाणारे चार जुने भाण आजही वाचले जातात.

मराठीत नाटक सुरू झाले तेव्हा मात्र ही व्यवस्था त्याच्या वाट्याला सरळ आली नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्यामागे आदल्या वर्षी सांगलीत आलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. भाव्यांच्या खेळात सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावर असे. प्रसंगाची पदे तोच साथीदारांसह गाई, पात्रे त्यावर हावभाव करीत आणि पद संपले की त्याच आशयाचे गद्य भाषण आयत्या वेळी सुचेल तसे करीत. लेखी संहितेत असत ती मुख्यतः पदे. गद्य नटाच्या जिभेवर सोपवलेले असे. त्यामुळे सीतेच्या मनात काय चालले आहे हे सीता सांगत नसे, सूत्रधार सांगे. मनातला विचार उघड करण्याचा अधिकार पात्राकडून काढून कथेकऱ्याकडे दिलेला होता, आणि यात त्या काळच्या प्रेक्षकाला काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते, कारण कीर्तनात हरिदास हेच करीत आला होता: तो रामाचे बोलणे बोले, रामाच्या मनातले सांगे आणि लगेच त्यावर स्वतःचे भाष्यही करी. मनाला उघडपणे उद्देशून बोलण्याची रीतही मराठी माणसाला अपरिचित नव्हती. रामदासांचे २०५ मनाचे श्लोक म्हणणारा माणूस वरकरणी स्वतःच्या मनाशी बोलत असतो, पण ते श्लोक भिक्षेच्या फेरीत आणि देवळांत सगळ्या गावाला ऐकू जातील असे म्हटले जात.

संस्कृत व्यवस्था मराठीत उतरली ती छापील पुस्तकांतून. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘वेणीसंहार’ १८५७ मध्ये आणि ‘शाकुंतल’ १८६१ मध्ये मराठीत आले. कृष्णशास्त्री राजवाडे यांनीही याच सुमारास संस्कृत नाटके मराठीत आणली. १८६१ मध्येच विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे स्वतंत्र गद्य नाटक प्रसिद्ध झाले. अशा छापून, पाठ करून करायच्या नाटकांना त्या काळी ‘बुकिश’ नाटके म्हणत, आणि त्या नावात थोडा उपहास असला तरी स्वगताच्या इतिहासात त्यांचे महत्त्व मोठे आहे, कारण भाषण छापले की ते कोणाला ऐकू जायचे आहे हेही छापावे लागते. मराठी नाटकांच्या पानांवर कंसात ‘स्वगत’ आणि ‘उघड’ या दोन सूचनांची जोडी स्थिर झाली, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे मराठी वाचकाने नाटक वाचले ते या दोन कंसांच्या आधाराने. नियतश्राव्याचे बारकावे मात्र गळून गेले. त्रिपताका हात मराठी रंगमंचावर कोणी धरला नाही. नट प्रेक्षकांकडे दोन पावले सरकून मान वळवी आणि तेवढ्याने काम भागे. तीन वर्गांचे दोनच झाले, आणि पाहणाऱ्याला ‘ऐकणे’ याऐवजी ‘मोठ्याने बोलणे’ हेच स्वगताचे लक्षण वाटू लागले.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले अंक सादर केले, तेव्हा सूत्रधाराला नांदी आणि प्रस्तावनेपुरते ठेवून पदे पात्रांच्याच तोंडी दिली. संगीत नाटकाचा जन्म म्हणून या घटनेची नोंद होते. पण तिच्या पोटात दुसरी एक घटना होती, ती अशी की पात्राला स्वतःच्या मनाचा ताबा परत मिळाला. झाडांआडून शकुंतलेला न्याहाळणारा दुष्यंत आता आपल्या मनातले स्वतः गाऊ लागला. १८८२ मध्ये रंगभूमीवर येऊ लागलेल्या ‘सौभद्र’ नाटकात तर स्वगताची गरज कथानकानेच निर्माण केली: अर्जुन यतीच्या वेषात द्वारकेत बलरामाचा पाहुणा होऊन राहतो, सुभद्रा त्याच्या सेवेला येते, आणि वेषामुळे त्याला उघड एक आणि मनात दुसरे बोलावे लागते. वेषांतराची नाटके मराठीत एवढी लोकप्रिय का झाली याचे एक कारण या दुहेरी बोलण्याच्या मजेत शोधावे लागेल, कारण रंगमंचावर बाकी सगळे फसलेले असताना प्रेक्षक तेवढा शहाणा असतो. पुढे बालगंधर्वांच्या काळात ‘वन्समोअर’ची प्रथा भराला आली, तेव्हा मनातला एकच विचार दोनदा, तीनदा, क्वचित त्याहूनही अधिक वेळा आळवून गायला जाई आणि शेजारी उभी असलेली पात्रे तेवढा वेळ काहीही न ऐकता उभी राहत. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. गाणे असले की स्वगत अस्वाभाविक वाटत नाही, बोलणे असले की वाटते, हा मराठी प्रेक्षकाचा पक्षपात फार जुना आहे.

गद्य स्वगताला मराठीत प्रतिष्ठा मिळाली ती शेक्सपियरमुळे. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे ‘ऑथेल्लो’चे भाषांतर १८६७ मध्ये निघाले होते, पण या परंपरेचा मध्यबिंदू म्हणजे गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘विकारविलसित’. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले; त्या तुरुंगवासात आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या रूपांतराचे काम हाती ठेवले होते आणि १८८३ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. विकारांचा, म्हणजे मनोविकारांचा विलास असे नाव या नाटकाला देण्यात आगरकरांचा कटाक्ष कुठे होता ते दिसते: त्यांच्या दृष्टीने नाटकाचा विषय राजवाड्यातला खून नसून एका विचारी माणसाच्या मनातली ओढाताण हा होता, आणि ती ओढाताण स्वगताखेरीज दाखवता येत नाही. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी चंद्रसेन उभा केला आणि त्या भूमिकेने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. जगावे की जगणे संपवावे या प्रश्नाचे भाषण ऐकायला लोक पुन्हा पुन्हा येत.

येथे एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. शेक्सपियरच्या काळातील लंडनच्या उघड्या नाट्यगृहांत रंगमंच प्रेक्षकांमध्ये पुढे घुसलेला असे, प्रेक्षक तीन बाजूंनी उभे असत आणि खेळ दिवसाउजेडी होई; नटाला प्रेक्षकांचे चेहरे दिसत, त्यामुळे त्याचे स्वगत हे पुष्कळदा प्रेक्षकांशी केलेले उघड हितगुज असे. मराठी नटाने हे नाटक केले ते पडद्याच्या, चौकटीच्या रंगमंचावर, दिव्यांच्या मागे उभे राहून. तेथे प्रेक्षक समोर असूनही दुसऱ्या बाजूला होता, आणि स्वगत हितगुजाकडून वक्तृत्वाकडे झुकले. जो देश त्याच दशकांत व्याख्याने ऐकायला गर्दी करत होता आणि जेथे पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेने १८७५ पासून उन्हाळ्याचा एक महिना वक्त्यांना वाहून दिला होता, तेथे रंगमंचावरील एकट्या माणसाचे भाषणही व्याख्यानाच्या चालीने ऐकले जाणे स्वाभाविकच होते.

नाटक कंपन्यांच्या फिरत्या जीवनाचाही यात वाटा आहे. मुंबई-पुण्यामधील बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, आणि कल्याणपुढे अंबरनाथ, बदलापूर, नेरळ अशी लहान स्थानके मागे टाकत कंपन्यांचे पडदे, कपडेपट आणि माणसे या दोन मोठ्या मुक्कामांत ये-जा करू लागली. प्रत्येक गावचा रंगमंच निराळा, कुठे थिएटर तर कुठे मांडव. अशा स्थितीत सामानावर अवलंबून नसलेली एकच गोष्ट सगळीकडे सारखी परिणाम करी, आणि ती म्हणजे नायकाचे एकट्याचे भाषण. कंपनीच्या मालकाला स्वगत स्वस्त पडत होते, हे कारण टीकाकारांनी फारसे विचारात घेतलेले नाही.

पुढच्या नाटककारांनी या वारशाचे काय केले ते पाहताना कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ हे १८९३ च्या सुमारास लिहिलेले नाटक महत्त्वाचे ठरते, कारण त्यात हॅम्लेटचे आत्ममंथन पेशव्याला आणि ‘ऑथेल्लो’तील इयागोचे कपट केशवशास्त्री या पात्राला वाटून दिले आहे. परिणामी स्वगताचे दोन उपयोग एकाच नाटकात शेजारी आले: नायक स्वतःला समजून घेण्यासाठी बोलतो आणि खलनायक पुढची चाल प्रेक्षकाला कळवण्यासाठी बोलतो. मराठी रंगभूमीवर दुसऱ्या प्रकाराचे आयुष्य पहिल्यापेक्षा लांबले. गोविंद बल्लाळ देवल यांनी तिसराच उपयोग साधला. मोलिएरच्या कथानकापासून इंग्रजीमार्गे आलेल्या त्यांच्या ‘फाल्गुनराव’चे पुढे १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ झाले. त्यातील संशयी नवऱ्याचे लहान लहान स्वगत एका-दोन वाक्यांचे असते, आणि उघड बोललेले वाक्य व स्वगत वाक्य यांतील विसंगतीवरच विनोद उभा राहतो. देवलांचे स्वगत हे मराठीतील सर्वांत सहज स्वगत आहे; ते बोलीतले आहे, आणि पुटपुटण्याला जेवढा श्वास लागतो तेवढ्याच श्वासात संपतो.

राम गणेश गडकरी यांच्याकडे हे माप उलटे झाले. ‘एकच प्याला’ हे नाटक गडकऱ्यांच्या जानेवारी १९१९ मधील निधनानंतर पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू. सनद गेलेल्या, दारूच्या आहारी गेलेल्या वकिलाचे पतन गडकऱ्यांनी त्याच्याच तोंडून, त्याच्याच शब्दकळेत मांडले, आणि त्या भाषणांत उपमा, अनुप्रास, विरोध यांची अशी दाटी केली की ते म्हणण्यासाठी नटाला गवयाइतकाच दम लागे. येथे एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते: शुद्धीवर असलेला माणूसही एवढ्या अलंकारांत स्वतःशी बोलत नाही, मग बेशुद्धीच्या काठावरचा कसा बोलेल? गडकऱ्यांवरचा हा आक्षेप बरोबर आहे आणि तरीही निरुपयोगी आहे. सुधाकराची वाणी हीच त्याची गमावलेली मालमत्ता आहे. न्यायालयात जी वाणी त्याने दुसऱ्यांसाठी वापरली तिचे अखेरचे अशील तो स्वतः होतो. ‘भावबंधन’मधील घनश्यामाची भाषणे मात्र या न्यायाने वाचवता येत नाहीत, तेथे खलनायक प्रेक्षकांची टाळी मोजत बोलतो.

गडकऱ्यांच्याच काळात, रंगभूमीच्या बाहेर आणि जवळजवळ दुर्लक्षित राहून, पुण्याच्या एका शाळामास्तराने स्वगताचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. शंकर काशीनाथ गर्गे, टोपणनाव ‘दिवाकर’ (१८८९–१९३१), यांनी १९११ पासून ‘नाट्यछटा’ लिहायला घेतल्या आणि आयुष्यभरात त्यांनी ५१ नाट्यछटा लिहिल्या. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकमुखी नाट्यात्म कवितांचा संस्कार त्यामागे होता. नाट्यछटा म्हणजे एकाच माणसाचे गद्य भाषण, पण ते स्वगत नव्हे, कारण तो माणूस कोणाशी तरी बोलत असतो. फक्त समोरच्याचे शब्द लेखक देत नाही, ते बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून ओळखायचे असतात. ‘पंत मेले – राव चढले!’ सारख्या नाट्यछटेत बोलणारा काय सांगतो यापेक्षा नकळत काय उघड करतो हे महत्त्वाचे असते. स्वगतात पात्र स्वतःविषयी खरे बोलते असे आपण मानतो. दिवाकरांच्या माणसांना स्वतःविषयीचे खरे माहीतच नसते, ते ऐकणाऱ्यालाच कळते. शास्त्रदृष्ट्या पाहिले तर हे आकाशभाषितच आहे, भाणातल्या विटाची ती युक्ती सदाशिव-शनिवार पेठांतल्या मध्यमवर्गीयाच्या तोंडी आलेली. ब्राउनिंगचा वाचक असलेल्या दिवाकरांनी ती संस्कृतातून घेतली नाही, पण जो श्रवणाचा विचार मराठी रंगभूमीने कंसांच्या जोडीत हरवला होता तो या छोट्या गद्यप्रकारात पुन्हा सापडला, हे या सगळ्या इतिहासातले सर्वांत अनपेक्षित वळण म्हणावे लागेल.

यानंतर इब्सेनचे वारे आले. नॉर्वेच्या या नाटककाराने १८६९ मध्येच, ‘तरुणांचा संघ’ हे नाटक लिहून झाल्यावर, आपण संपूर्ण नाटक एकाही स्वगतावाचून पार पाडले याबद्दल पत्रातून समाधान व्यक्त केले होते. अर्थात ‘बाहुलीघर’ या त्याच्या पुढच्या, अधिक गाजलेल्या नाटकात नोरा एकटी असताना अधूनमधून चार शब्द मोठ्याने बोलतेच. मराठीत या विचाराचे निशाण ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने उभारले. ब्यर्न्सन या इब्सेनच्याच देशबंधूच्या नाटकाचे ते श्री. वि. वर्तक यांनी केलेले रूपांतर होते. तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली, प्रेक्षकांच्या बाजूला मानलेली चौथी अदृश्य भिंत, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया आणि बोलण्यासारखे बोलणे, अशी ही रचना होती. चौथी भिंत मानली की स्वगताला जागा उरत नाही, कारण भिंतीकडे तोंड करून कोणी बोलत नाही. कंसातला ‘स्वगत’ हा शब्द छापील नाटकांतून झपाट्याने दिसेनासा झाला.

पण मनातले प्रेक्षकाला कळवण्याची गरज संपली नव्हती, तिने वेश बदलला. दिवाणखान्यातल्या नाटकांत दूरध्वनी आला आणि पात्रे त्यात एकतर्फी बोलू लागली. पत्र मोठ्याने वाचले जाऊ लागले. नायिकेच्या मनातले ऐकण्यासाठी एक मैत्रीण आणि नायकाचे ऐकण्यासाठी एक जुना गडी ठेवला गेला, ज्यांना नाटकात दुसरे काही काम नसे. स्वगत अस्वाभाविक म्हणून काढले आणि त्याच्या जागी दिवसभर रिकामे ऐकणारे गडी ठेवले, यात स्वाभाविकता किती वाढली हा प्रश्नच आहे. आकाशवाणीच्या श्रुतिकांनी हे अडथळे मानले नाहीत, कारण तेथे ध्वनिक्षेपकाच्या जवळ हळू बोलले की ते मनातले आणि लांबून बोलले की उघड, असा नवा संकेत श्रोत्यांनी विनातक्रार स्वीकारला.

डिसेंबर १९६७ मध्ये ‘रंगायन’ने सादर केलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात स्वगत परतले, आणि ते अगदी धनंजयाच्या अर्थाने परतले. लीला बेणारे या शिक्षिकेवर खेळ म्हणून चाललेला खटला हळूहळू खरा होतो. निकालापूर्वी तिला बोलायची संधी दिली जाते, त्या वेळी रंगमंचावरील बाकीची माणसे जागच्या जागी थिजतात, प्रकाश बदलतो आणि सुलभा देशपांडे यांनी गाजवलेले ते दीर्घ भाषण होते. ते संपते तेव्हा न्यायालय पुढे चालू होते, जणू ती काहीच बोललेली नाही. येथे अश्राव्यता हा केवळ संकेत राहत नाही, तोच नाटकाचा आशय होतो: तिचे म्हणणे कोणाला ऐकू जात नाही, कारण ते कोणाला ऐकायचेच नाही. प्रेक्षकाने मात्र सगळे ऐकलेले असते, आणि ऐकूनही गप्प बसलेल्यांत त्याची गणना होते. वास्तववादी खोलीत वाढलेल्या पिढीने या भाषणाला अस्वाभाविक म्हटले नाही.

तीन वर्षांनी, २३ डिसेंबर १९७० रोजी, वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ गोवा हिंदू असोसिएशनने आणले. त्यातील अप्पा बेलवलकर हा निवृत्त नटच असल्यामुळे त्याची स्वगते म्हणजे त्याने जन्मभर केलेल्या भूमिकांचे उरलेले सूर आहेत असे मानायला मोकळीक मिळते, डॉ. श्रीराम लागू यांच्या तोंडी ती आली आणि गणपतराव जोशींच्या काळानंतर प्रथमच एखादे स्वगत ऐकण्यासाठी म्हणून लोक नाटकाला जाऊ लागले. १९७४ मधील सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ने वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला हात घातला: मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन लावतात, आणि भाव्यांच्या सूत्रधाराकडून किर्लोस्करांनी काढून घेतलेला कथनाचा अधिकार पात्र आणि हरिदास अशा दोघांच्या नात्याने एकाच माणसाकडे जमा होतो.

एकपात्री प्रयोगांची लाट याच सुमारास वाढत होती. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने सादर केली, लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात पन्नासहून अधिक माणसे एकट्याने उभी केली, सदानंद जोशी ‘मी अत्रे बोलतोय’ करीत आणि १९८९ पासून सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ गावोगावी नेले. यांतील शेवटच्या प्रयोगात प्रेक्षक हीच सावित्रीबाईंची श्रोतेमंडळी असते, तिच्याशी बोलणे थेट असते. त्याला स्वगत म्हणणे चुकीचे ठरेल, तरी स्पर्धांच्या पत्रकांत ‘स्वगत’, ‘एकपात्री’ आणि ‘नाट्यछटा’ हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

या गोंधळाचे मूळ हौशी रंगभूमीच्या विस्तारात आहे. १९५४ मध्ये राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धांनी गिरण्या-कारखान्यांतील माणसांना रंगमंच दिला, आणि मुंबईतली मराठी वस्ती मध्य रेल्वेच्या कडेने कल्याणपलीकडे सरकत गेली तशी अंबरनाथ-बदलापूर या गावांत नाटक पाहणारा आणि करणारा वर्ग वाढला. मोठे नाटक पाहायचे तर लोकल धरून कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनात जावे लागे. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या मांडवात आणि वाचनालयाच्या सभागृहात जे करता येण्याजोगे होते ते एका माणसाचे, बिनसामानाचे भाषणच. फिरत्या कंपन्यांना जे कारण होते तेच येथे पुन्हा लागू पडले. मुलांना दिवाकरांच्या नाट्यछटा पाठ करायला दिल्या गेल्या, मोठ्यांनी बेणारे आणि बेलवलकर निवडले, आणि अशा तालमींत जाणते शिक्षक स्पर्धकाला आधी आवाजाचे नव्हे तर ऐकणाऱ्याचे धडे देतात: नाट्यछटेत न दिसणारा माणूस कुठे उभा आहे, तो बसलेला आहे की उभा, त्याने मध्येच काही म्हटले तर त्यासाठी किती थांबायचे आणि नजर कोणत्या उंचीवर ठेवायची, हे पक्के होईपर्यंत वाक्ये म्हणू दिली जात नाहीत, बेणारेचे भाषण असेल तर उलट सांगावे लागते, की रंगमंचावर माणसे आहेत पण त्यांतील एकाकडेही पाहायचे नाही.